पाळणा दोघींचा

६ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद घ्यायची तुझी तयारी नसेल, तरी पाठवतेय. नको असले तर दाराबाहेर ठेव. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्राचा खटाटोप. फोन कापता येतो, पत्र निदान उघडावं तरी लागतं.

आधी खुशाली. मी छान आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, ते ह्या नव्या पेनामुळे. शाई मध्येच अडते आणि मध्येच धावत सुटते. शिवाय आडवी पडून लिहितेय. उठून बसायचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही. लगेच हॉस्पिटलातला चेहरा करू नकोस. जन्मभर तू जगाची सिस्टर होतीस, मला मात्र नुसती बहीण हवी असते.

डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्यात. त्यांनी दुपारी धड झोप लागत नाही आणि धड जागही राहत नाही. खिडकीखाली पाण्याची बादली असते, तिच्यातलं ऊन छतावर हलतं. ते बघता बघता खोली कडेपर्यंत भरते. मी तलावाच्या उथळ भागात उभी असते, गळ्यात शिट्टी, आणि एकेक पोर पाण्यावर उताणं पडायला शिकत असतं. ‘अंग सैल सोड, मी आहे,’ असं मी म्हणते. त्यांच्या पाठीखाली माझा तळहात असतो, आणि मग हळूच नसतो. पोराला कळतही नाही. जाग येते तेव्हा पाय माझेच, पण लाकडाचे.

तू गेल्यावर घरी मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सीने माझ्याकडे एक बाई पाठवली, तिच्याबद्दल तुला कधी सांगायलाच मिळालं नाही. मी तिला हळूबाई म्हणते. प्रत्येक गोष्टीला तिचं ‘हळू हां काकू, हळू’. दार उघडताना, कंगवा फिरवताना, चहा ओतताना. एकदा मी नुसती शिंकले तर म्हणाली, हळू! मला पलंगावरून खुर्चीत ठेवायला चाकांवरचं एक यंत्र आहे, तुला ठाऊक असेलच तसलं. मला झोळीत घ्यायचं, झोळीचे बंद आकड्यांत अडकवायचे, बटण दाबायचं की मी वर. मी त्याला पाळणा म्हणते. वर गेल्यावर क्षणभर कुठेच टेकलेली नसते मी. ह्या वयात एवढं हलकं वाटणं म्हणजे चैनच. हळूबाई खालून म्हणते, ‘काय काकू, काय दिसतंय वरून?’ मी म्हणते, ‘तुझ्या भांगातले पांढरे.’

सध्या ती सुट्टीवर आहे. बदलीची एक मुलगी येते. अंग पुसून देते, कूस बदलते, जाते. ती मला पाळण्यात घेत नाही आणि मीही आग्रह करत नाही.

आज एजन्सीच्या मॅनेजरबाई आल्या होत्या. एरवी फोनवरच भेटतात. दोन्ही हातांत दोन फोन, एक वाजत होता, दुसरा वाजायच्या बेतात. फुलं आणली होती.

“काकू, पुढच्या आठवड्यात आमची तपासणी आहे. सरकारी बाई येतील. कारभार कसा चालतो, माणसं सुरक्षित आहेत का, ते बघतात. काही जणांच्या घरीही जातात. त्यात तुमचा नंबर लागलाय.”

“मग?”

“मग काही नाही. पाळण्याला दोघी जणी असतात, एवढं सांगा.”

“दोघी? ही दुसरी मी अजून पाहिली नाही.”

त्या हसल्या, पण हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. “माणसं मिळत नाहीत हो काकू. जाहिराती देऊन थकले. आलेली टिकत नाहीत. एवढी वेळ सांभाळून घ्या.”

“हळूबाई कधी येणार?”

“तपासणी नीट पार पडू दे. लगेच पाठवते ना, तुमच्याकडेच पाठवते.”

त्या ‘ना’मध्ये बरंच काही होतं. मी फुलं घेतली.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. असू दे. मला सांगायचंय म्हणून सांगते.

तपासनीसबाई येऊन गेल्या. मी वाट बघत होते एखाद्या करड्या, टाचा वाजवणाऱ्या बाईची. आल्या त्या बुटक्या, थोड्या दमेकरी, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, ते सगळं प्यायल्या आणि माझ्या पलंगाशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. त्यामुळे त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या पातळीला आला. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी वरून न बघता बोललं!

त्या प्रश्न विचारतात आणि मग गप्प बसतात. ती शांतता इतकी मऊ असते की उत्तर आपण होऊन तिच्यात जाऊन बसतं. गोळ्या कोण देतं? आजारी पडलात तर एजन्सीत कुणाला फोन करता, तो उचलला जातो का? तक्रार करायची झाली तर कुठे, हे कुणी सांगितलंय का? मी म्हटलं, “तक्रार करायची माझी सवय मोडलीय. एक बहीण होती तिच्याकडे करायचे.” त्या हसल्या. लिहून नाही घेतलं ते.

मग पाळण्याकडे गेल्या. मला वाटलं होतं नुसतं बघतील. त्यांनी झोळी दोन्ही हातांत ताणली, बंदांची शिवण बोटांनी चाचपली, जशी तू बाळाच्या दुपट्याची चाचपायचीस. यंत्राच्या दांड्यावर तपासणीची चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्यावरची तारीख पुसट झालीय. त्यांनी चष्मा चढवून वाचली आणि तिचा फोटो काढला.

“ह्याला दोघी असतात ना?”

“असतात,” मी म्हटलं.

“एक तर नेहमीच्या. त्या सध्या सुट्टीवर आहेत असं कळलं. आणि दुसऱ्या?”

आता काय करू? मी छताकडे पाहिलं. बादलीतलं ऊन हलत होतं. आणि मी बोलायला लागले. दुसरी उंच आहे म्हटलं. बोलते कमी. हात गार असतात, पण पकड पक्की. पाळणा वर जायला लागला की माझ्या टाचा आपल्या तळहातांत घेते, म्हणजे पाय लोंबत नाहीत आणि मला आपण गोणी आहोत असं वाटत नाही. मी तिला थोरली म्हणते, कारण ती हळूबाईलाही दटावते. जाताना पांघरूण पायांशी खोचून जाते. अगं, मी थांबेचना! मला ती बाई इतकी स्वच्छ दिसत होती की उगाच एखादी गोष्ट विसरून तिच्यावर अन्याय नको, असं वाटत होतं.

तपासनीसबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “छान आहेत तुमच्या थोरल्या.” एक कार्ड ठेवलं. “आणखी काही आठवलं तर फोन करा. काहीही.”

त्या गेल्यावर डोळा लागला. तर काय, पायथ्याशी थोरली उभी. खोलीत पाणी छातीपर्यंत, आणि ती माझ्या टाचा धरून मला पाण्यावर तरंगत ठेवतेय. मी म्हटलं, अंग सैल सोडू का? ती काही बोलली नाही. तुझ्यासारखीच तिरसट. जाग आली तेव्हा मला रडू येत होतं. जी कधी नव्हतीच त्या बाईची आठवण यावी, ह्याला काय म्हणावं?

तुला कळलं असेलच हात कोणाचे दिले ते. तापात माझ्या टाचा अशा तूच धरायचीस.

मॅनेजरबाईंचा फोन आला. “काकू, झकास झालं! त्या बाई खूश होत्या.” मी हळूबाईचं विचारलं. म्हणाल्या, “हो हो, बघते.”

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

पोचलं. एवढासा कागद, आणि वर ना मायना ना खाली सही. ‘ताई, पाळणा एकटीने चालवत नाहीत. गोळ्या कसल्या ते लिहिलं नाहीस. पेनाला काही झालेलं नाही. पडलीस का?’

तू तशीच राहिलीस. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

हो. जानेवारीत पडले.

‘तू पडलीस तर मला कळवू नकोस,’ असं तूच म्हणाली होतीस, ह्याच दारात, बॅग हातात घेऊन. मी तुझ्याकडे राहायला यायला नकार दिला म्हणून. मी म्हटलं होतं, तुझ्या घरात मी पेशंट होईन, इथे मी घरधनीण आहे. तू गेलीस. मग मी कशी कळवणार? मोठी असले तरी मला तुझा धाक आहे.

सकाळ होती. मी वर गेले होते, खुर्ची पलीकडे. हळूबाईच्या एका हातात बटण, दुसऱ्या हाताने ती माझे पाय वळवत होती. खांद्याकडचा बंद आकड्यातून निसटताना मी पाहिला. इतका सावकाश निसटला गं, जसा साप बिळात जातो. धरायला तिसरा हात नव्हता. हळूबाईने बटण टाकलं आणि स्वतःलाच खाली झोकून दिलं. मी जमिनीवर पडलेच नाही. तिच्यावर पडले. तिचं मनगट माझ्याखाली आलं आणि मोडलं. मी खांद्यावर आपटले. हाड शाबूत आहे, मुका मार आहे, डॉक्टर येऊन गेले. गोळ्या त्याच्याच. ती तशीच, हात पोटाशी धरून, मला विचारत होती, “काकू, लागलं का?” शेजाऱ्यांनी येऊन मला पलंगावर घातलं. तेवढ्यातही तिचं त्यांना चालूच, हळू, हळू.

सुट्टीवर आहे असं मी तुला लिहिलं. मलाही तसंच सांगितलं होतं आणि मी तेच धरून बसले होते.

काल दुपारी ती आली. साध्या कपड्यांत, हात प्लास्टरमध्ये. मला वाटलं गोळीचं स्वप्न. पण स्वप्नातल्या माणसाला जिना चढून आल्यासारखा दम लागत नाही, आणि हिला घराच्या एवढ्याशा पायऱ्यांनी लागला होता. बसली.

“सुट्टी संपली का गं?”

“सुट्टी कसली काकू. घरी बस म्हणाल्या. तपासणी संपेपर्यंत. नंतरचं नंतर बघू.”

“तू दुसरी बाई मागितली होतीस ना?”

“किती वेळा! त्या बघते म्हणायच्या. मग मीही मागायचं सोडलं. रोज नीट होत होतं ना, वाटलं होईल.”

“मी त्या तपासनीसबाईंना खरं काय ते सांगते.”

ती ताडकन उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्यासमोर काहीतरी जोरात केलं. “नाही हां काकू. अजिबात नाही. पेशंट पडला म्हटलं की कोणी विचारत नाही दुसरी कुठे होती. विचारतात, कोणाच्या हातून पडला. मग मला कोण ठेवेल? तुम्ही मला हळूबाई म्हणता. मला पाडणारी बाई नाही व्हायचं.”

तिने डाव्या हाताने माझ्या उशीची घडी सारखी केली. जायला निघाली आणि दारात थांबली.

“कापडदुकानाच्या वर मास्तर राहतात ना, त्यांच्याकडेही असाच पाळणा आहे. मी जायचे. आता तुमच्याकडची बदलीची मुलगीच जाते तिकडे. मास्तर अंगाने चांगले जड. बंद कसे अडकवायचे, ते मी तिला फोनवर सांगितलं.”

“फोनवर?”

“मग काय करू?” असं म्हणून ती गेली.

आज सकाळी मी त्या मुलीला विचारलं. माझी पाठ पुसत होती.

“मास्तरांना पाळण्यात घेतेस तू?”

“हो.”

“एकटी?”

“हो.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” ती म्हणाली. “मग मी डोळे मिटून घेते.”

ताई


२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुला आठवतं, तलावावर एकदा माझा जोडीदार आला नव्हता, आणि मी सबंध वर्गाला काठावर कवायत करायला लावून घरी पाठवलं होतं? आयांनी किती आरडाओरडा केला होता. एक बाई म्हणाली, एवढ्याशा पाण्यात काय होणार आहे? मी म्हटलं, माझं लक्ष ह्या पोरात असताना त्या पोराकडे कोण बघणार ते सांगा, मग सोडते. काठावर एक माणूस नसेल तर पाण्यात कोणी नाही. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता, मीच केला होता. आणि म्हातारपणी मीच एका माणसाच्या जागी हवा उभी केली आणि तिला गार हात दिले.

दोन दिवस मी तरंगत होते. छतावर ऊन हलायचं आणि त्यात कधी हळूबाईचं मनगट दिसायचं, कधी डोळे मिटलेली ती मुलगी. मास्तरांना मी पाहिलेलंही नाही. पण ते रोज वर जात होते, चारी बंदांवर, आणि खाली फक्त मिटलेले डोळे.

काल फोन केला. बाई दुपारीच आल्या. पुन्हा चपला बाहेर, पुन्हा पाणी, पुन्हा बुटकं स्टूल.

“थोरली नाही,” मी म्हटलं.

“हो,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“शंका होती. माणसं आपल्या मदतनिसाबद्दल इतकं गोड बोलत नाहीत हो. खऱ्या माणसाबद्दल एखादी तरी कुरकुर असते. तुमच्या थोरलीत खोटच नव्हती.” त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. “पण शंकेवर मला काही करता येत नाही. कोणीतरी सांगावं लागतं.”

मग मी सांगितलं. बंद, मनगट, शेजारी, फुलं, सगळं. कुणी काय सांगायला लावलं तेही. त्यांनी एकदाही ‘आधी का नाही बोललात’ म्हटलं नाही. खांदा बघू का विचारलं, आणि बघितला. निळं आता पिवळं झालंय.

“हळूबाईने नको म्हटलं होतं,” मी म्हणाले. “तिचं नाव जाईल ह्यात. तिला काही होणार नाही असं मला सांगा.”

त्या गप्प राहिल्या. ह्या वेळची शांतता मऊ नव्हती.

“तसं वचन मी देऊ शकत नाही. खोटं बोलायचं नाही मला तुमच्याशी. दोघींचं काम एकीवर टाकलं, एकीने पुन्हा पुन्हा सांगूनही टाकलं, आणि अपघात झाल्यावर तो दाबला. हा दोष कारभाराचा आहे, तिचा नाही. मी तसंच लिहीन. पुढे लोक काय म्हणतील ते माझ्या हातात नाही.”

“आणि मास्तर?”

“इथून तिकडेच जातेय.”

उठताना त्यांनी पाळण्याला एक तांबडी पट्टी लावली. वापरू नये. म्हणाल्या, शिवण एका ठिकाणी उसवलीय, यंत्राची तपासणी कधीच उलटून गेलीय, नवीन येईपर्यंत हात लावायचा नाही. “तुम्हाला पडून राहावं लागेल काही दिवस. त्रास होईल. वाईट वाटतं.”

“मी तशीही पडूनच आहे,” मी म्हटलं. चेष्टेने म्हणायला गेले, पण आवाज फुटला.

हळूबाईला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. आपल्या घरचीच वाटली मला.

ताई


९ मार्च

धाकटे,

तुझा कागद मिळाला. टाचांखाली उशी घेतलीय, टाचा अधांतरी ठेवल्यात. कूस सांगितल्याप्रमाणे बदलते. पाठीला काही झालेलं नाही, त्या मुलीकडून आरशात बघून घेतलं. तू शेवटी काहीतरी लिहून खोडलंयस. उजेडाकडे धरून पाहिलं, वाचता येत नाही. चांगलं खोडतेस.

मॅनेजरबाई आल्या होत्या. मी तयारी करून ठेवली होती, ओरडल्या तर काय बोलायचं त्याची. त्या दारातच उभ्या राहिल्या.

“काकू, तुम्ही मला बुडवलंत.”

“तुम्ही हळूबाईला घरी बसवलंत.”

“मी काय करायला हवं होतं? पंधरा ठिकाणांहून फोन येतात. आमच्या आईला आज कोणी आलंच नाही, आमच्या बाबांचं जेवण राहिलंय. एखाद्याला नाही म्हटलं तर तो माणूस तसाच पडून राहणार. मग म्हटलं, दोघींच्या जागी एक तर जाऊ दे. एक तरी जाते.” त्या बोलता बोलता स्टुलावर बसल्या. “कागदावर दुसरी मीच होते, काकू. प्रत्येक घरी मीच. खरंच यायचं असायचं मला. रोज सकाळी ठरवायचे.”

दोन्ही फोन मांडीवर. एक वाजला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पण उचलला नाही. तो थांबला. मग मी कितीतरी वेळ छताकडे बघत पडले. मी पाहिलं तर त्यांची मान भिंतीला टेकली होती आणि त्या झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं. काजळ पसरलेलं. कितीतरी लहान दिसत होत्या. मी माझ्या पांघरुणाचं टोक त्यांच्या गुडघ्यांवर सारलं, तेवढंच पोचत होतं.

आमच्यावर छतावरचं ऊन हलत राहिलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना उठवावंसंही वाटत नव्हतं. एका खोलीत दोन्ही गोष्टी राहू शकतात, हे मला नवीन होतं.

जाग आल्यावर त्या दचकल्या, केस सारखे केले. “मास्तरांकडे उद्यापासून दोघी जातायत,” म्हणाल्या. “दुसऱ्या एजन्सीतून मागवलीय एक. त्या तपासनीसबाई उभ्या राहिल्या म्हणून.” आणि दारातून: “त्या मुलीने मला विचारलं, आता डोळे उघडे ठेवू का म्हणून.”

हळूबाई अजून फोन उचलत नाही. तिने नको म्हटलेलं मी केलं. बरोबर केलं असं मला वाटतं. पण ती रागावली असेल तर तिचंही बरोबर आहे. हे दोन्ही घेऊन पडून राहावं लागतं. कूस बदलली तरी बदलत नाही.

ताई


४ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी बाहेरून लिहितेय. बाहेरून म्हणजे रस्त्यावरून. पॅडवर कसलंतरी छोटं पाखरू बसून गेलं आत्ता.

क्रमाने सांगते, नाहीतर घाबरशील.

तपासणीचा निकाल लागला. सुरक्षिततेत नापास, कारभारात नापास. बाकी ठीक. माणसं मायेने वागतात असंही लिहिलंय. एजन्सी बंद केली नाही, पण पुन्हा तपासणी होऊन पास होईपर्यंत एकही नवीन माणूस घ्यायचा नाही. मॅनेजरबाईंना त्या जागेवरून काढलं, तिथे दुसऱ्या आल्यात. मला वाटलं आता ह्या कुठल्या कुठे जातील. तर काल सकाळी दार वाजलं. बदलीची मुलगी आणि तिच्यामागे ह्या! मदतनिसाच्या निळ्या अंगरख्यात, फोनशिवाय. हात रिकामे ठेवायची सवय नसल्याने ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

“सुरुवात मी ह्याच कामातून केली होती, काकू,” त्या म्हणाल्या. “माणसं कमी आहेतच. आणि मला येतं हे.”

खरंच येतं. आता त्या मॅनेजर नाहीत, म्हणून मी नुसतं बाई म्हणते. नवीन पाळणा आलाय, नवी झोळी. मुलीने बंद अडकवले, बाईंनी एकेक ओढून पाहिला, मग मुलीने बाईंचे ओढून पाहिले. जानेवारीनंतर मी पहिल्यांदाच वर गेले. घेरी आली. बाई कामात चांगल्या आहेत, पण बोलतात फार. मी मधोमध लोंबकळत असताना दोघींचं वांग्याच्या भावावरून जुंपलं. मी म्हटलं, आधी मला ठेवा, मग भांडा.

खुर्चीत बसल्यावर मुलगी म्हणाली, दोघी आहोत तर पायऱ्या उतरता येतील की. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. हळूबाई एकटीने कशी उतरवणार होती? तिने कधी बोलूनही दाखवलं नाही, मला खंत वाटू नये म्हणून असेल. आज सकाळी ह्यांनी एकीने मागून, एकीने पुढून धरून मला खाली आणलं.

हळूबाईचा फोन परवा आला. प्लास्टर निघालंय. तपासनीसबाईंनी बोलावल्यावर तिनेही जाऊन सगळं सांगितलं. एजन्सीने परत बोलावलं होतं, ती गेली नाही. लहान मुलांच्या दवाखान्यात काम धरलंय.

“काकू, मी तुमच्यावर रागावले होते.”

“आणि आता?”

“अजून आहे थोडी.”

“मग फोन कशाला केलास?”

“तुम्हाला नीट उचलतात का ते विचारायला.”

मी म्हटलं उचलतात, पण हळू नाही उचलत. ती हसली. मग तिने फोन ठेवला. परत येईल असं मला वाटत नाही. तिच्याशिवाय सकाळी घर मोठं वाटतं. ते तसंच राहील.

तर आता मी रस्त्यावर. पायांना ऊन लागतंय, ते कळतं मला अजून. लोक बाजूने जातात, कोणाची पिशवी घासली, कोणी सॉरी म्हणालं. मी बाईंना म्हटलं, कापडदुकानापर्यंत न्या. त्यांनी का विचारलं नाही. दुकानासमोर खुर्ची थांबवली आणि मी वर पाहिलं.

वरच्या खिडकीत एक थोराड म्हातारा खुर्चीत बसला होता. संत्रं सोलत होता. साल एकसंध निघावी म्हणून जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. निघाली. त्याने ती उजेडात धरून पाहिली, स्वतःवरच खूश झाला. मग खाली त्याचं लक्ष गेलं, रस्त्यातली एक अनोळखी बाई चाकाच्या खुर्चीतून आपल्याकडे बघतेय. आमची ओळख नाही. मी कोण हे त्याला माहीत नाही, काय झालं असतं हेही माहीत नाही. त्याने एक फोड माझ्या दिशेने उचलून दाखवली, खाणार का म्हणून. मी मान हलवली, हो. मग त्यानेच ती खाल्ली.

तुझा तिसरा कागद कालच आला. ह्या वेळी खोडलेलं नाही. ‘येऊ का?’ एवढंच. नेहमी तू ‘येतेय’ म्हणायचीस किंवा ‘नेतेय’.

ये. न्यायला नको, राहायला ये. माझ्या टाचा बघायच्या नाहीत, गोळ्या मोजायच्या नाहीत, बाईंना शिकवायचं नाही. आणि आलीस की पहिल्याच दिवशी हे सगळं करशील हे मला ठाऊक आहे, तरी ये.

बाई विचारतायत, घरी जायचं का. मी म्हटलं, थांबा जरा.

ताई